‘मेल परत पासवर्ड मागतोय’ : कार्यालयातल्या मेलचं दुखणं शोधायचं कसं

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. कार्यालयात बारा माणसं. तिथल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रोज अकराच्या सुमारास फोन यायला लागला. वाक्य ठरलेलं होतं : “दादा, मेल परत पासवर्ड मागतोय.” पासवर्ड टाकला की खिडकी बंद व्हायची आणि दोन सेकंदांनी तीच खिडकी पुन्हा उभी राहायची. सगळ्यांच्या टेबलावर हाच प्रकार. तासाभराने कुणी काही न करता मेल सुरू व्हायचा आणि दुपारी पुन्हा बंद पडायचा.

माझ्या आधी तिथे जो उपाय चालायचा, तोच बहुतेक कार्यालयांत चालतो. पासवर्ड बदलायचा. महिन्यात चार वेळा बदलला होता. हिशेब बघणाऱ्या मॅडमच्या डायरीत मागच्या पानावर खोडलेल्या पासवर्डांची रांग होती. त्यांची अडचण साधी नव्हती. वीस तारखेला जीएसटीचं मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायचं असतं, पुरवठादारांची बिलं मेलवर येतात, बँकेची आणि सरकारी पोर्टलची ओटीपी मेलवर येतात. अशा दिवशी मेल दोन तास बंद असणं म्हणजे त्या बाईंच्या जिवाला घोर.

या कारखान्यात नेमकं काय झालं होतं ते पुढे सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. आधी एक गोष्ट समजून घेऊ. मेलचा प्रोग्राम पासवर्ड मागतो, याचा अर्थ पासवर्ड चुकला असाच असतो असं नाही. सर्व्हरने, म्हणजे आपले मेल सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाने, आत घेतलं नाही, एवढंच त्या प्रोग्रामला कळतं. का घेतलं नाही, ते त्याला पुष्कळदा कळत नाही. मग तो त्याला ठाऊक असलेला एकच प्रश्न विचारतो. ताप आला की डॉक्टर आधी तापाचं कारण शोधतात. इथे मात्र आपण दर वेळी तीच गोळी देत राहतो.

म्हणून काहीही बदलण्याआधी दोन मिनिटं चौकशी करायची. सगळ्यात आधी ब्राउझर उघडायचा, मेलच्या संकेतस्थळावर जायचं आणि तोच पासवर्ड हाताने टाकून आत जाता येतं का ते बघायचं. आत गेलात तर पासवर्ड बरोबर आहे. तो विषय तिथेच संपला, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. मग विचारायचं, की बंद एकाचाच आहे की सगळ्यांचा? एकाचाच असेल, तर त्याच्या फोनवर चालतोय का? आणि शेवटी माझी सगळ्यात आवडती चाचणी : लॅपटॉप कार्यालयाच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायचा. तोच लॅपटॉप, तोच पासवर्ड, त्याच सेटिंग्ज, फक्त रस्ता वेगळा. हॉटस्पॉटवर मेल धडाधड यायला लागले, तर बिघाड तुमच्या संगणकात नाही आणि पासवर्डमध्येही नाही. तो कार्यालयाच्या इंटरनेटच्या वाटेवर आहे.

सातपूरच्या कार्यालयात हॉटस्पॉट लावताच सगळ्यांचा मेल सुरू झाला.

कार्यालयात संगणक बारा असोत की पन्नास, राउटरमधून बाहेर पडताना त्या सगळ्यांचा इंटरनेटवरचा पत्ता साधारणपणे एकच असतो. या पत्त्याला आयपी म्हणतात. वाड्यात बिऱ्हाडं दहा असली तरी रस्त्यावरून दिसणारा घर क्रमांक एकच असावा, तसं. मेलच्या सर्व्हरवर एक पहारा बसवलेला असतो. एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात बरेच चुकीचे पासवर्ड आले, की कुणीतरी कुलूप फोडू बघतंय असं समजून तो त्या पत्त्यालाच काही काळ दार बंद करतो. हा पहारा आवश्यक आहे, कारण खरोखरच चोवीस तास जगभरातून असे प्रयत्न होत असतात. पण वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने चुकीची किल्ली फिरवत ठेवली, की अख्ख्या वाड्याला दार बंद होतं. ज्यांची किल्ली बरोबर आहे त्यांनासुद्धा.

होस्टिंगवाल्यांकडून, म्हणजे मेलचा सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीकडून, नोंदी मागवल्या. त्यात चुकीच्या प्रयत्नांपुढे एक नाव सगळ्यात जास्त वेळा दिसत होतं, विक्री विभागातून सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं. तो गेला त्या दिवशी त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता, ते योग्यच होतं. पण तो गिऱ्हाइकांना माहितीपत्रक दाखवायला वापरायचा तो टॅबलेट रिसेप्शनवर तसाच राहिला होता आणि त्यात त्याचं मेल खातं जुन्या पासवर्डसह जोडलेलं होतं. रिसेप्शनवरची मुलगी सकाळी दहाला आली की टॅबलेट सुरू करायची. तो दर पंधरा मिनिटांनी मेल आणायला जायचा आणि दर खेपेला दोन-तीनदा दार ठोठवायचा. तासाभरात दहा चुका झाल्या की पत्ता तासाभरासाठी बंद, असा त्या सर्व्हरवरचा नियम होता. म्हणजे पाऊण तास मेल चालू, मग एक तास बंद, पुन्हा पाऊण तास चालू. दिवसभर हाच पाळणा.

आता पासवर्ड बदलल्याने बरं का वाटायचं, ते बघा. मेल बंद पडला की पाऊण-एक तास लोक चडफडायचे, मग कुणीतरी पासवर्ड बदलायला घ्यायचं, आणि तेवढ्यात बंदीची मुदत संपून दार उघडायचं. सगळ्यांना वाटायचं, बदलला म्हणून चालू झाला. प्रत्यक्षात त्यामुळे आजार वाढत होता. पासवर्ड संगणकावर बदलला तरी त्याच माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये जुनाच राहायचा, आणि तो फोनही कार्यालयाच्या वायफायवरून चुकीची किल्ली फिरवायला लागायचा. आधी गुन्हेगार एक होता, पासवर्ड बदलल्यावर पाच झाले. टॅबलेटमधून ते खातं काढलं, सगळ्यांच्या फोनमधले पासवर्ड एकदा समोर बसून दुरुस्त केले. त्यानंतर अकराचा फोन थांबला.

तेव्हापासून माझा नियम झाला. पासवर्ड बदलायचाच असेल, तर आधी त्या माणसाचा मेल कुठेकुठे जोडलेला आहे याची यादी करायची : कार्यालयातला संगणक, घरचा लॅपटॉप, फोन, जुना फोन, आणि स्कॅन करून थेट मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन. त्या मशीनच्या पोटातही मेलचा पासवर्ड असतो आणि तो हमखास विसरला जातो.

बंद एकाचाच असेल आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड चालत असेल, तर संशय वेगळीकडे जातो. खातं गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं असेल तर विशेष. पूर्वी मेलच्या प्रोग्रामला तुमचा पासवर्ड देऊन ठेवायचा आणि तो दर वेळी सर्व्हरला दाखवायचा, अशी सरळ पद्धत होती. ती सुरक्षित नव्हती, कारण पासवर्ड नको तितक्या ठिकाणी साठून राहायचा. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती पद्धत ३० मे २०२२ पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन मेलसेवेत १ ऑक्टोबर २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. आता पद्धत लोकलच्या मासिक पाससारखी आहे. खिडकीवर एकदा ओळख पटवायची, पास घ्यायचा, पुढे रोज पास दाखवून जायचं. मेलच्या प्रोग्रामकडे पासवर्ड नसतोच, पास असतो. खात्याचा पासवर्ड बदलला, की बहुतेक वेळा तो पास रद्द होतो आणि खिडकीवर पुन्हा जावं लागतं.

आउटलुक २०१० सारख्या जुन्या प्रोग्रामला हा पास घेताच येत नाही. त्याला फक्त पासवर्ड विचारणं माहीत. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारा खरा पासवर्ड तिथे शंभर वेळा टाकला तरी उपयोग होत नाही. जीमेलसाठी यावर एक वाट आहे. खात्यात दुहेरी पडताळणी (पासवर्डाबरोबर दुसरा पुरावाही मागणारी) सुरू करायची आणि त्या एका प्रोग्रामसाठी १६ अक्षरांचा वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ तयार करून तो तिथे टाकायचा. पण मुख्य पासवर्ड बदलला की गूगल हे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द करतं. ‘मागच्या महिन्यात तुम्हीच लावून दिलं होतं, आज पुन्हा बंद’ अशी तक्रार आली, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो : मधल्या काळात मुख्य पासवर्ड बदललात का? कायमचा इलाज मात्र प्रोग्राम नवा घेण्याचाच आहे. जुन्याला ठिगळं लावत बसण्यात कार्यालयाचे जास्त पैसे जातात, हे मी मालकांना स्पष्ट सांगतो.

विंडोजमध्येही एक अडगळीची जागा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ म्हणून एक कप्पा असतो, त्यात जुने पासवर्ड साठून राहतात. नवा टाकला तरी प्रोग्राम कधीकधी या कप्प्यातला जुनाच उचलतो. आउटलुक बंद करून तिथली त्या मेलखात्याची नोंद काढायची आणि मग उघडून नव्याने आत जायचं.

आता घड्याळ. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण मेल बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. संगणक सर्व्हरशी बोलताना आधी त्याचं ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. संगणकाची तारीख दहा वर्षं मागे गेली असेल, तर त्याच्या दृष्टीने ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो जोडणी नाकारतो. तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. पाच-सात वर्षांच्या संगणकात तो संपतो. आपल्याकडे संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद करायची पद्धत आहे, त्यामुळे सेल संपलेला संगणक रविवारनंतर सोमवारी सकाळी भलत्याच वर्षात जागा होतो. मेल बंद, बँकेचं संकेतस्थळ बंद, सगळीकडे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी पाटी. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची, नुसती वेळ नाही, वर्षसुद्धा. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

फोनच्या घड्याळाचंही तसंच. पडताळणीचे सहा आकडे दाखवणारी अ‍ॅप्स साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतात, आणि तो आकडा घड्याळावरूनच तयार होतो. फोनची वेळ दोन-तीन मिनिटं मागेपुढे असेल तर आकडे तुम्ही अगदी बरोबर टाकूनही चुकीचे ठरतात. फोनमध्ये वेळ आपोआप ठरवण्याचा पर्याय सुरू ठेवायचा.

आत जाता येतंय, पण ‘साहेबांच्या फोनवर दिसणारा मेल माझ्या संगणकावर नाही’ ही तक्रार वेगळ्या घराण्यातली. इथे सर्व्हरवरून मेल आणण्याच्या दोन पद्धतींमधला फरक कळायला हवा. एक पॉप, १९८४ मधली. दुसरी आयमॅप, १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलेली. तेव्हा माणूस एकाच यंत्रावरून मेल वाचेल असं धरून पॉप बेतलेली होती. सर्व्हरवर जायचं, टपाल उचलायचं, घरी आणायचं. उचललेलं टपाल पेटीत उरत नाही, जोपर्यंत ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ असं बजावलेलं नसेल तोपर्यंत. आयमॅपमध्ये मूळ दप्तर सर्व्हरवर राहतं आणि तुमच्या संगणकावर, फोनवर जे दिसतं तो त्याचा उतारा. तलाठ्याकडचं मूळ दप्तर आणि तुमच्या हातातला सातबारा, तसं.

कार्यालयात हिशेब विभागाचा एक सामाईक पत्ता असतो आणि तो चार ठिकाणी जोडलेला असतो. तीन ठिकाणी आयमॅप, आणि एका कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर कुणीतरी कधीकाळी लावलेला पॉप. तो जुना संगणक सुरू झाला की सर्व्हरवरचे सगळे मेल स्वतःकडे ओढून घेतो, आणि बाकी तिघांसमोरून मेल दिसतादिसता नाहीसे होतात. लोक एकमेकांवर संशय घेतात, ‘तुम्ही डिलीट केलं’ म्हणून भांडणंही होतात. मी अशा भांडणात मध्ये पडलो आहे, आणि दोष त्या कोपऱ्यातल्या यंत्राचा आहे हे दाखवल्यावर भांडणाऱ्या दोघींचे उतरलेले चेहरे मला आठवतात. मेल गायब होतात असं कळलं, की प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या मेलचा पोर्ट क्रमांक, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दाराने जायचं तो आकडा, बघायचा. ९९३ म्हणजे आयमॅप, ९९५ म्हणजे पॉप.

सातबाऱ्याची ही उपमा आणखी एका जागी फार उपयोगी पडते. मेल नीट जुळत (सिंक होत) नसेल तर ‘खातं काढून पुन्हा जोडा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आयमॅपमध्ये हे बहुधा निर्धोक आहे, कारण उतारा फाटला तर दप्तरातून दुसरा मिळतो. पॉपमध्ये मात्र तुमच्या संगणकावरची फाइल हेच मूळ दप्तर असतं. ती गेली तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. म्हणून खातं काढण्याआधी ते पॉप आहे की आयमॅप हे बघितल्याशिवाय हात लावू नका, आणि पॉप असेल तर आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. कळकळीने सांगतो, कारण गेलेले मेल परत मागायला आलेल्या माणसाला ‘आता नाही मिळणार’ असं सांगण्याची वेळ फार वाईट असते. शिवाय आयमॅपमध्येही ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असं नाव असलेल्या कप्प्यात टाकलेले मेल सर्व्हरवर नसतात, तेही आधी बघून घ्यावेत.

जुळवणी अडण्याची आणखी काही कारणं आहेत, ती थोडक्यात. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ पर्यंतच आयमॅप जोडण्या देतं. एकेक प्रोग्राम चार-पाच जोडण्या उघडतो, त्यामुळे सामाईक पत्ता पाच-सहा यंत्रांवर लावला की कुणीतरी बाहेर फेकलं जातं, आणि दर वेळी वेगळंच कुणीतरी. आउटलुकच्या फाइलची ठरलेली मर्यादा ५० जीबी. तिच्या जवळ गेली की तो आधी रखडतो, मग चुका दाखवतो. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा आहे, पण ती फोटो आणि ड्राइव्ह यांच्यासह. मालकांच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ त्याच खात्यात चढत असतील, तर बिलं येणं थांबू शकतं.

मेल येतोय पण जात नाही, आउटबॉक्समध्ये पडून आहे? येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. जाण्यासाठी बहुधा ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट लागतात. जुन्या सेटिंगमध्ये २५ असेल तर बऱ्याच इंटरनेट कंपन्या तो अडवतात. सर्व्हरने ५३५ हा आकडा दाखवला तर जाण्याच्या बाजूची ओळख पटलेली नाही. आउटलुकमध्ये जाणाऱ्या मेलसाठी ‘ओळख द्यावी लागते’ अशी एक वेगळी खूण करावी लागते, ती राहून गेलेली असते. आणि कधीकधी एकच जड मेल दार अडवून बसलेला असतो. मेलमध्ये जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात बदलते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीचा नकाशा प्रत्यक्षात सुमारे २७ एमबी होऊन निघतो आणि २५ एमबीच्या उंबरठ्याला अडतो. मागचे छोटे मेल त्याच्या पाठीमागे ताटकळतात.

यापेक्षा गंभीर एक गोष्ट आहे. रोज पासवर्ड मागणाऱ्या खिडकीची माणसाला सवय होते. मग ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे आत येऊन जागा वाढवा’ असा खोटा मेल आला, तरी कंटाळलेला हात तिथेही पासवर्ड टाकतो. चोर आत शिरला की तो गाजावाजा करत नाही. एक नियम लावून ठेवतो, की ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेले मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि इथून भलत्याच फोल्डरमध्ये हलवा. कार्यालयाला वाटतं, जुळवणीतच बिघाड आहे. दरम्यान गिऱ्हाइकाला तुमच्या नावाने दुसऱ्या बँक खात्याचा क्रमांक गेलेला असतो. म्हणून ठरावीक लोकांचेच मेल येत नसतील, तर ब्राउझरमधून आत जाऊन नियम, फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे तीन कप्पे आधी उघडा. तुम्ही न लावलेला नियम दिसला, तर त्याचं चित्र काढून ठेवा आणि लगेच पासवर्ड बदला. मग सगळी उघडी सत्रं बंद करा, म्हणजे खात्यात आधीच शिरलेली यंत्रं बाहेर काढा, नियम काढा, दुहेरी पडताळणी लावा. इथे मात्र पासवर्ड बदलणं हाच पहिला इलाज. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करायचा.

आणि सगळ्यांचाच मेल एकदम बंद, हॉटस्पॉटवरही बंद, संकेतस्थळही उघडत नाही, असं असेल तर डोमेनचं, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचं, नूतनीकरण राहिलं का ते विचारा. त्याची आठवण ज्या पत्त्यावर येते, तो पुष्कळदा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघतो.

सातपूरच्या कार्यालयात आता राउटरशेजारी भिंतीवर मॅडमच्याच अक्षरातला एक कागद आहे. होस्टिंगवाल्यांना फोन करताना काय सांगायचं ते त्यावर आहे : कार्यालयाचा आयपी, बंद पडल्याची नेमकी वेळ, पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं, ब्राउझरमध्ये चालतंय की नाही, हॉटस्पॉटवर चालतंय की नाही. मागच्या पावसाळ्यात नव्या माणसाच्या फोनमुळे पत्ता पुन्हा अडकला, तेव्हा त्यांनी मला फोन केलाच नाही. कागदावरच्या पाच गोष्टी होस्टिंगवाल्यांना वाचून दाखवल्या आणि पंधरा मिनिटांत दार उघडून घेतलं.